ज्युनिअर केजीची तयारी घरातल्या खेळांतून: फेब्रुवारी ते जून

येत्या जूनमध्ये तुमचं मूल पहिल्यांदा शाळेत जाणार असेल, तर एव्हाना घरात मुळाक्षरांचा आणि एबीसीडीचा तक्ता लागला असेल. 'शंभरपर्यंत येतं का?' असं कुणी ना कुणी नातेवाईक विचारूनही गेलं असेल. माझी दोन्ही मुलं यातून गेली आहेत. धाकटीच्या वेळी शाळेतल्या बाईंनी पालकांना जूनच्या आधी काय काय करून घ्या ते सांगितलं होतं: डबा स्वतः उघडता यावा, शू लागली की सांगता यावं, थोडा वेळ एका जागी बसून गोष्ट ऐकता यावी आणि बोटांत ताकद यावी. त्यात अक्षरं-आकडे कुठेच नव्हते. पहिलं वर्ष सरल्यावर मागे वळून बघताना बाई किती बरोबर होत्या ते कळलं. म्हणून, ज्यांच्या घरी हे आता सुरू होतंय त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

अक्षरांच्या आधी खेळ, हा विचार आपल्याकडे जुना आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं काम केलं. मॉन्टेसरी शिक्षणपद्धतीचं महागडं साहित्य पाड्यापाड्यावर नेणं परवडणारं नव्हतं, म्हणून पानं, बिया, खडे, शिंपले हेच त्यांनी शिकण्याचं साधन केलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, आणि त्यात भर खेळावर आहे. मूल चार वर्षांचं असताना लिहीत नाही म्हणून ते मागे पडलं असं समजू नका.

१. वय आणि कागदपत्रं आधी उरकून टाका

खेळाच्या लेखात हे पहिलं, कारण मार्च-एप्रिलमध्ये दाखल्यांसाठी धावाधाव करणारे आईबाप मुलाशी खेळायला घरी नसतात.

महाराष्ट्रात वय मोजायला प्रवेशाच्याच वर्षातली ३१ डिसेंबर ही तारीख धरतात. त्या दिवशी तीन पूर्ण असतील तर नर्सरी, चार असतील तर ज्युनिअर केजी, असा साधा हिशोब. मूल नोव्हेंबर-डिसेंबरमधलं असेल तर ते वर्गात सगळ्यांत लहान असणार आहे. एक वर्ष थांबायचं का, हे शाळेशी बोलून आणि मुलाकडे बघून ठरवा. शेजारचा त्याच महिन्यात जन्मलेला मुलगा कुठे जातोय यावर ठरवू नका.

लागणारी कागदपत्रं:
- जन्मदाखला (महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा). त्यावर मुलाचं नाव चढलंय का ते आत्ताच बघा. बाळाचं नाव ठरायच्या आधी काढलेल्या दाखल्यात ती जागा कोरीच असते.
- लसीकरणाचं कार्ड. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यानचे डोस झालेत का बघा, आणि ५ ते ६ वर्षांच्या डीपीटी बूस्टरची आठवण लिहून ठेवा.
- मुलाचे आणि आईवडिलांचे पासपोर्ट आकाराचे फोटो, राहण्याच्या पत्त्याचा पुरावा.
- लागू असेल तर जातीचा दाखला.
- आधार काढलं असेल तर त्याची प्रत. पाच वर्षांखालच्या मुलाचं आधार बोटांच्या ठशांशिवाय निघतं, ठसे पाचव्या वर्षानंतर द्यावे लागतात. आधार नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं आहे.

शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करणार असाल तर तो ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याचं वेळापत्रक शिक्षण विभाग दरवर्षी जाहीर करतो. उत्पन्नाच्या गटातून अर्ज असेल तर एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. तहसीलमधून तो यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज सुरू व्हायची वाट न बघता आधीच काढून ठेवा.

एक सापळा इथेच सांगते. 'इंटरव्ह्यूची तयारी' म्हणून साडेतीन वर्षांच्या मुलांचे क्लास चालतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ मध्ये प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला मनाई आहे. त्या क्लासचे पैसे वाचवा आणि मुलाला रोज संध्याकाळी बागेत न्या.

२. हात: पेन्सिलीच्या आधी कणीक

सगळ्यांत जास्त वेळ याला द्या.

मूल कागदावर काय काढू शकतं याला वयाचा एक क्रम आहे. गोल बघून गोल काढणं साधारण तिसऱ्या वर्षी जमतं. आडवी-उभी रेघ एकमेकींवर टाकून अधिकचं चिन्ह चौथ्या वर्षाच्या आसपास. चौकोन त्यानंतर, आणि तिरक्या रेघांचा त्रिकोण पाचव्या वर्षाकडे. आता 'अ' किंवा 'क्ष' डोळ्यांसमोर आणा. त्यात वळणं आहेत, गाठी आहेत, तिरक्या रेघा आहेत. ज्या हाताला अजून चौकोन जमत नाही त्याच्याकडून 'अ'च्या ओळी गिरवून घेतल्या की मूल पेन्सिल मुठीत आवळून धरतं, जोर लावून कागद फाडतं, आणि 'मला नाही येत' म्हणायला शिकतं. पेन्सिल धरण्याची चुकीची सवय पुढे मोडायला फार जड जाते.

म्हणून आधी बोटं तयार करू या. स्वयंपाकघरात यासाठी सगळं आहे:

- पोळ्या करताना कणकेचा एक गोळा मुलाला द्या. मळणं, वळी करणं, चिमटीत तोडणं, गोळ्या वळणं. खेळायची वेगळी कणीक हवी असेल तर दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, चमचाभर तेल, चिमूटभर हळद आणि लागेल तसं पाणी. झाकून फ्रिजमध्ये ठेवली तर चार-पाच दिवस टिकते. मीठ भरपूर असतं, तेव्हा ती खायची नाही हे आधीच सांगा.
- मटार आणि शेंगा सोलणं, मेथी निवडणं. फेब्रुवारीत बाजारात मटार असतोच. पाच शेंगांपासून सुरुवात करा. निवडलेली भाजी जेवताना 'ही सईनं निवडली' म्हणून वाढा, मुलं तीच भाजी खातात.
- दोरीवर चिमटे लावणं. माझ्या मते पेन्सिलीच्या पकडीसाठी याहून चांगला व्यायाम नाही. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, नेमकी हीच तीन बोटं कामाला लागतात. मोजे आणि रुमाल वाळत घालायचं काम कायमचं मुलाकडे द्या.
- रांगोळी. चिमटीतून बारीक धार सोडणं आणि ठिपक्याला ठिपका जोडणं. बाजारच्या रांगोळीची भुकटी डोळ्यांत-नाकात जाते, म्हणून लहानांना तांदळाचं पीठ द्या.
- खडूचे तुकडे. अख्खा खडू मुठीत धरता येतो, पण पेराएवढा तुकडा धरायचा तर तीन बोटंच लागतात. तुटलेले खडू आणि क्रेयॉन टाकू नका.
- भिंतीला किंवा दाराला कागद चिकटवून उभ्यानं चित्र काढू द्या. मनगट आपोआप योग्य कोनात वळतं आणि खांदाही काम करतो. गच्चीच्या भिंतीवर ओल्या ब्रशनं 'रंगकाम' केलं तर पुसायचाही प्रश्न नाही.

बोथट टोकाची कात्री चौथ्या वर्षी द्यायला हरकत नाही, शेजारी बसून. आधी कागदाच्या अरुंद पट्ट्या, एका कापात तुटतील अशा. मग कोथिंबीर.

सावधगिरी: दाणे, फुटाणे, बिया, मणी मुलं नाकात आणि कानात घालतात. घशात अडकण्याचाही धोका असतो. या खेळांत मोठं माणूस समोरच हवं. घड्याळातले आणि खेळण्यांतले बटन सेल मात्र मुलाच्या हाताला लागतील असे कुठेच ठेवू नका. ते गिळले तर अन्ननलिका भाजते, आणि अशा वेळी वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा असतो.

३. अंग: लटकणं, चढणं, लंगडी

वर्गात मांडी घालून किंवा खुर्चीत ताठ बसायला पाठीत आणि पोटात जोर लागतो. सारखं लोळणारं, बाकावर डोकं टाकणारं मूल आळशी असतं असं नाही, बऱ्याचदा त्याचं धड दमलेलं असतं. बागेतल्या दांडीला लटकणं, शिडी चढणं, बेडूकउड्या, हात जमिनीवर टेकून 'ढकलगाडी', जिन्याच्या पायऱ्या एक-एक पाय टाकत उतरणं. लंगडी चौथ्या वर्षाच्या आसपास जमू लागते, आधी एका पायावर नुसतं उभं राहू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी, त्यातली ६० मिनिटं चांगली धावपळीची. फ्लॅटमध्ये हे होत नाही. खाली उतरावंच लागतं.

४. थांबणं आणि ऐकणं

मुलाला पंचवीस जणांच्या वर्गात सगळ्यांत आधी लागतं ते स्वतःला आवरणं. हात वर करून थांबायचं, बाईंनी 'बसा' म्हटलं की बसायचं, घसरगुंडीच्या रांगेत उभं राहायचं. 'शांत बस' असं सांगून हे येत नाही. आपल्या लहानपणच्या बहुतेक खेळांत मात्र नेमकं हेच होतं.

'चिमणी उडाली भुर्र' घ्या. सगळ्यांची बोटं जमिनीवर. चिमणी, कावळा, पोपट म्हटलं की बोट वर. मध्येच 'म्हैस उडाली भुर्र!' बोट वर जायला निघालेलं असतं आणि ते रोखायचं असतं. मोठ्यांची करमणूक आणि चार वर्षांच्या मुलासाठी अवघड काम. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या रिक्षात, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही चालतो.

विषामृतात 'विष' म्हटल्यावर गपकन बसायचं आणि 'अमृत' मिळेपर्यंत हलायचं नाही. स्टॅच्यूमध्येही तेच. गाणं लावून नाचायचं आणि गाणं थांबलं की थांबायचं, हे तर घरात दोघांनाही खेळता येतं. नंतर नियम उलटा करा: हळू गाण्याला जोरात नाचायचं, जोरातल्या गाण्याला हळू. मुलं हसून लोळतात, आणि नियम लक्षात धरून वागण्याची खरी मेहनत त्यातच होते.

सापशिडीत मुलाला दर वेळी जिंकू देऊ नका. वर्गात हरण्याची पहिली वेळ अनोळखी मुलांसमोर येण्यापेक्षा आजोबांसमोर आलेली बरी. सापाच्या तोंडात गेल्यावर मूल रडलं तर 'रडायचं काय त्यात' म्हणू नका. 'राग आला ना? पुढचा फासा टाकू या' एवढं पुरतं.

दोन-दोन सूचना एकदम द्यायची सवयही आत्तापासून लावा. 'चपला जागेवर ठेव आणि वाटी आणून दे.' जमलं की तीन. वर्गात सूचना एकट्याला मिळत नाहीत, सगळ्यांना मिळून दिल्या जातात, आणि त्या आपल्यासाठीही आहेत हे कळायला कानाला सराव लागतो.

५. बोलणं आणि गोष्ट

रोज एक गोष्ट. तीच ती गोष्ट दहा दिवस चालली तरी चालेल, मुलांना पुढचं माहीत असण्यातच मजा वाटते. मधूनच थांबा आणि 'मग काय झालं?' विचारा. काही दिवसांनी गोष्ट त्यालाच सांगू द्या, चुकली तरी मध्ये तोंड घालू नका.

अक्षरओळखीचा पाया कानात असतो. शब्दाचे तुकडे टाळ्यांनी पाडा: बा-ट-ली तीन टाळ्या, दा-र दोन. 'मला एक वस्तू दिसतेय, "प"पासून सुरू होते.' पातेलं, पंखा, पोळी, पडदा. शब्द 'प'नं सुरू होतो हे ज्याच्या कानाला कळतं, त्याला पुढे 'प' हे चिन्ह शिकायला वेळ लागत नाही.

शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर घरात मराठी बंद करून तोडकंमोडकं इंग्रजी सुरू करणारी घरं मी पाहिली आहेत. तसं कृपा करून करू नका. मुलाला विचार करायला, भांडायला, दुखलं ते सांगायला एक भाषा भक्कम हवी. दुसरी भाषा त्या आधारावर चढते. फक्त अडीअडचणीची पाच-सहा वाक्यं त्या भाषेत पाठ करून द्या: पाणी हवंय, टॉयलेटला जायचंय, पोटात दुखतंय, तो मला ढकलतोय, डबा उघडून द्या. भातुकलीसारखा शाळा-शाळा खेळ मांडा, तुम्ही बाई व्हा, आणि ही वाक्यं त्यात वापरा. नंतर मुलाला बाई होऊ द्या. त्याच्या मनात शाळेबद्दल काय भीती आहे ती त्या खेळात बाहेर येते, तेव्हा लक्ष देऊन ऐका.

६. मोजणं

इथे थोडक्यात. शंभरपर्यंत म्हणता येणं हे पाठांतर आहे. 'चार जणांसाठी चार ताटं मांड, प्रत्येकाला एक वाटी' हे गणित आहे. मोज्यांच्या जोड्या लावणं, डबे लहान-मोठे लावणं, चमचे आणि काटे वेगळे करणं, तांदळाच्या डब्यातून 'तीन वाट्या' काढणं. दहापर्यंतच्या वस्तू बोट ठेवून नीट मोजता आल्या तर ज्युनिअर केजीला ते भरपूर आहे.

७. डबा, शू आणि रेनकोट

एप्रिलपासून आठवड्यातून दोनदा दुपारचं खाणं डब्यातूनच द्या. झाकण मुलानंच उघडायचं, स्वतःच खायचं आणि झाकण लावून डबा पिशवीत ठेवायचा. नवा डबा आणि बाटली घेताना दुकानातच मुलाला उघडून बघायला लावा. गळू नये म्हणून घट्ट असलेले चार लॅचचे डबे लहान बोटांना उघडत नाहीत.

शू-शीचं सांगणं, चड्डी स्वतः खाली-वर करणं, हात धुणं. बटणाच्या आणि पट्ट्याच्या पँटपेक्षा इलॅस्टिकची घ्या. गणवेश आला की घरात दोन-तीनदा घालून टॉयलेटला जाऊन बघायला सांगा. घरी फक्त कमोडची सवय असेल तर भारतीय पद्धतीचं टॉयलेटही एकदा दाखवा, शाळेत दोन्हीपैकी काहीही असू शकतं.

आपल्याकडची शाळा ऐन पावसाच्या तोंडावर उघडते आणि हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. पहिल्याच आठवड्यात मुलाला अनोळखी जागी ओला रेनकोट काढून टांगायचा असतो. मे महिन्यात शॉवरखाली रेनकोट घालून 'पाऊस-पाऊस' खेळा. घालणं, काढणं, खुंटीला अडकवणं. प्रत्येक वस्तूवर नाव घाला, आणि मुलाला वाचता येत नसल्यामुळे नावाशेजारी एक ठरलेलं चित्रही काढा. मासा म्हणजे आपलं, एवढं त्याला कळतं.

८. सोडून राहायची सवय

एप्रिल-मेमध्ये मूल मावशीकडे, आजीकडे, विश्वासाच्या शेजाऱ्यांकडे आधी अर्धा तास, मग एक तास, मग सकाळभर राहू दे. नियम एकच आहे आणि तो मोडू नका: सांगून जायचं, सांगितलेल्या वेळी परत यायचं. मूल खेळात रमलंय बघून गुपचूप सटकणं हा सर्वांत महागात पडणारा सोपा उपाय आहे. आई कधीही गायब होऊ शकते हे एकदा मनात बसलं की मूल नजर हटवत नाही. 'तीन वाजता येते' त्याला कळत नाही, 'डबा खाऊन झाला आणि गोष्ट झाली की मी येते' हे कळतं.

आणि 'थांब, शाळेत गेल्यावर बाई बघतील तुला' ही धमकी घरातल्या कुणीही द्यायची नाही. आजी-आजोबांनाही हे प्रेमानं सांगून ठेवा.

९. झोप आणि मोबाइल

या वयाला १० ते १३ तास झोप लागते. सकाळची शाळा असेल तर रात्री साडेअकराला झोपणारं मूल जूनमध्ये रोज रडत उठणार. मेच्या मध्यापासून झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. स्क्रीन दिवसात जास्तीत जास्त एक तास, तीही जेवताना नको. मोबाइल बघत भरवलेल्या मुलाला शाळेत डबा समोर ठेवून खाता येत नाही.

१०. कधी दाखवून घ्यावं

हाक मारल्यावर मूल वळत नसेल, तीन वर्षं होऊनही दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलत नसेल, घराबाहेरच्या माणसाला त्याचं बोलणं अजिबात कळत नसेल, नजर देत नसेल, येत असलेली गोष्ट विसरत चाललं असेल, तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून थांबू नका. आधी कान तपासा, मग बालरोगतज्ज्ञांशी बोला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा मोफत तपासणी होते, आणि गरज असेल त्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. जवळच्या अंगणवाडीत चौकशी करा.

११. शाळा सुरू झाल्यावरचे पहिले पंधरा दिवस

रडणं होणार. दारात निरोप छोटा ठेवा: एक मिठी, 'डब्यानंतर येते', आणि वळून निघायचं. खिडकीतून डोकावू नका. शनिवार-रविवारनंतरचा सोमवार पुन्हा पहिल्यासारखा जातो, त्यानं खचू नका. शांत राहिलेली काही मुलं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रडायला लागतात, तेही नेहमीचंच आहे. पंधरा-वीस दिवसांनंतरही रडणं तसंच असेल, मूल खात-झोपत नसेल किंवा एखाद्या ठरावीक माणसाचं नाव काढल्यावर घाबरत असेल, तर बाईंची वेळ घेऊन भेटा आणि स्पष्ट विचारा.

घरी आल्याआल्या 'आज काय शिकवलं?' विचारू नका, उत्तर 'काही नाही' असंच येतं. आधी खाऊ-पिऊ घाला, अर्धा तास मोकळं सोडा. मग विचारा: डबा कुणाशेजारी बसून खाल्लास? कोण रडत होतं? बाईंनी कुठला आवाज काढला? आणि दुपारी कपडे वाळत घालताना चिमट्यांची टोपली पूर्वीसारखीच त्याच्या हातात द्या. शाळा सुरू झाली म्हणून घरातले हे खेळ थांबवायचे नाहीत, हाताला त्यांची गरज अजून दोन वर्षं तरी आहे.